कोरडा हिवाळा आणि कावळ्याचं पान

परवा फोनवर रोहन म्हणाला, “आजी, धिस विंटर इज सो नाइस. नो स्नो ॲट ऑल. आम्ही शॉर्ट्स घालून बास्केटबॉल खेळतो.” मागून ईशाने पुस्ती जोडली की शाळेला बर्फाची एकही सुट्टी मिळाली नाही, तेवढंच काय ते वाईट. मी म्हटलं, “छान म्हणू नका.” तुम्ही दोघं फोनपासून सरकलात. मग तुमच्या आईने फोन घेतला आणि दबक्या आवाजात विचारलं, “आई, मुलांवर कशाला चिडतेस?”

मी मुलांवर चिडले नव्हते, हिवाळ्यावर चिडले होते. त्याचं कारण फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण यातली माणसं एकमेकांना टोचून बोलली ती मराठीतच. तुमची आई वाचून दाखवेल. तिलाही यातलं सगळं ठाऊक नाही.

तुमच्या नोव्हाय गावासारखंच यंदा इथे वायोमिंगलाही आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो तो अंगावरचं पांघरूण कुणी ओढून नेल्यासारखा उघडा, तपकिरी. जानेवारी संपत आला तरी अंगणात धूळ उडते. किराणा दुकानातली मुलगी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, काय सुंदर हवा आहे ना. मी पिशवी उचलते आणि उत्तर न देता बाहेर येते. असा गोडबोल्या हिवाळा मी एकदा पाहिला आहे. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता, तुमची आई पाचवीत होती, आणि तुमचे आबा राज्याच्या रस्ते खात्यात इंजिनिअर होते. खिंडीतला रस्ता बर्फातून मोकळा ठेवणं हे त्यांचं काम.

आधी इथला नेहमीचा हिवाळा कसा असतो ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एल्क तुम्ही पाहिले आहेत. आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणावा असा प्राणी. उन्हाळाभर ते वर डोंगरात असतात. बर्फ कमरेएवढं झालं की गवत सापडेना होतं, मग कळपच्या कळप खाली दरीत उतरतात. सरकारी माणसं घोडे जुंपलेल्या घसरगाडीवरून त्यांना पेंढा टाकतात. सगळ्यांना तो पुरत नाही. म्हातारे आणि त्या वर्षीची पिल्लं नदीकाठच्या झुडपांत बसतात ती उठत नाहीत. मग कोल्ह्यासारखे कायोटी येतात, गरुड येतात, आणि सगळ्यांच्या आधी डोमकावळे येतात. कोंबडीएवढे मोठे, काळेकुळकुळीत, घसा खरवडून बोलणारे. शाळेत शिकवायला जाताना मला नदीकाठचा रस्ता धरावा लागे. पांढऱ्या बर्फावर काळ्या ठिपक्यांचं रिंगण दिसलं की मध्ये काय आहे ते बघायची गरज नसे. निर्दय वाटायचं, पण त्या मरणावर पुष्कळांची पोटं चालत होती.

अशाच एका कडक हिवाळ्यातल्या जानेवारीत सांगलीला माझ्या सासूबाई गेल्या.

तार आली तेव्हा आबांची स्वतःची खिंड बंद होती. ज्या रस्त्याची जबाबदारी त्यांची, त्याच रस्त्याने त्यांना बाहेर जाता येईना. मग डेन्व्हरचं विमान रद्द झालं, मग पुढचं तिकीट मिळेना. ते सांगलीला पोचले तेव्हा दहावा उलटून गेला होता. मी तुमच्या आईला घेऊन इथेच राहिले. परत आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात बसून मला सांगितलं, बुटांच्या नाड्याही न सोडता.

दहाव्या दिवशी कृष्णेच्या काठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. तुम्हाला हे सांगायला हवं. आपल्यात समजूत अशी की गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलेलं असेल तर कावळा पिंडाला चोच लावत नाही. मग जवळच्यांनी हात जोडून एकेक आश्वासन द्यायचं. नातीचं लग्न करू, औषधाचे राहिलेले देऊन टाकू, असं. भाऊजींनी, म्हणजे आबांच्या दादांनी, सगळं म्हणून पाहिलं. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करू लागले. शेवटी भाऊजी म्हणाले, “आई, धाकटा परत येईल. कायमचा. मी शब्द देतो.” आणि कावळा झाडावरून उतरला.

मी विचारलं, “शब्द भाऊजींनी दिला. तुम्हाला विचारून?”

“मी तिथे होतो कुठे विचारायला?” आबा म्हणाले.

“मग तो त्यांचा शब्द. त्यांनी यावं परत.”

“ते तिथेच आहेत, सुधा.”

“तेच म्हणते मी.”

त्यांनी नाड्या सोडल्या आणि बूट दाराशी नेऊन ठेवले. त्या दिवसापासून आमच्या घरात एक माणूस जास्त राहायला आला. सासूबाई जिवंत असताना वायोमिंगला कधी आल्या नव्हत्या. गेल्यावर आल्या.

माझं आणि त्यांचं का जमलं नाही, हे थोडक्यात सांगते. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले. लग्नानंतर सांगलीच्या कॉलेजात जागा निघाली, प्राचार्यांनी निरोप धाडला. सासूबाईंनी निरोप आणणाऱ्या शिपायाला चहा दिला आणि विचारलं, “आमच्या घरात कुणी उपाशी आहे का?” एवढंच. शिपाई चहा पिऊन गेला, जागाही गेली. त्यांचा आवाज कधी चढत नसे, म्हणून भांडताही येत नसे. इथे आल्यावर गावच्या हायस्कूलने मला वर्ग दिला. गुरं राखणाऱ्यांची धिप्पाड मुलं माझ्यासमोर बसून निबंध लिहीत आणि लाल शाईने भरलेले कागद निमूटपणे परत घेत. कुणाच्या घरात कोण उपाशी आहे, हे मला कुणी विचारलं नाही. ते सोडून मी परत जाणार नव्हते, आणि कशासाठी, तर एका पक्ष्यासाठी.

वर्ष झालं. पहिलं श्राद्ध आलं. भटजी जवळपास कुठले. मी भात, वरण, खीर आणि उडदाचे वडे केले, आबांनी जीन्सवरच उपरणं घेतलं, आणि स्टीलची ताटली कुंपणाच्या रुंद खांबावर ठेवली. तो हिवाळाही कडक होता. नदीकाठी मेजवान्या चालल्या होत्या. डोमकावळे घरावरून उडत जात, खाली बघतही नसत. भाताचा दगड झाला. दुपारी एक मॅगपाय आला, काळापांढरा, लांब शेपटीचा, आणि वडा घेऊन गेला. संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या पहाटे, आबांनी भाऊजींना फोन लावला. भाऊजींनी विचारलं, “रंग?” आबांनी सांगितला. “पांढरा पण आहे? मग तो कावळा कसा? कावळा काळा असतो.”

“इथे काळा म्हणजे डोमकावळा, दादा. तो नाही आला.”

“डोमकावळा चालेल,” भाऊजी म्हणाले, एखाद्या अर्जावर सही करावी तसे. “पण तो येणार कसा? आई वाट बघते आहे. तू शब्द पाळ, मग बघ.”

आबांनी फोन ठेवला. जगात दुसरं कुणी बोललं असतं तर त्यांनी हसून सोडलं असतं. ते विज्ञान शिकलेले होते. पण खिंड बंद होती, ते पोचले नव्हते, आणि हे कुठल्याच विज्ञानाने मिटत नव्हतं. मार्चमध्ये ते म्हणाले, “पुढच्या वेळी पान ठेवताना मी आईला सांगणार आहे. जूनमध्ये येतो म्हणून. दादाने पुण्यात एकांशी नोकरीचं बोलून ठेवलंय.”

“आणि मी?”

“तुलाही तिकडे काहीतरी मिळेल.”

त्यांचा आवाजही चढला नाही. त्या घरातल्या माणसांची तीच रीत.

आणि मग तो हिवाळा आला. खरं म्हणजे आलाच नाही. नोव्हेंबर कोरडा, डिसेंबर कोरडा. ख्रिसमसला लोक बाहेर लाकडी टेबलांवर जेवले. आकाश इतकं निळं की डोळ्यांना टोचावं. सगळं गाव एकमेकांचं अभिनंदन करत होतं, पण त्या निळ्या आकाशाखाली काहीतरी बिनसत चाललं होतं, आणि मला ते दिसत होतं, कारण माझं मन आधीच बिनसलेलं होतं.

एल्क खाली उतरलेच नाहीत. वर गवत उघडं होतं, त्यांना गरजच काय. पेंढा टाकणाऱ्यांची घसरगाडी कोठाराबाहेर कोरड्या मातीत उभी राहिली. शिकारीच्या मोसमात माणसं डोंगर चढून थकली आणि रिकाम्या हातांनी आली. इथे पुष्कळ घरांत वर्षाचं मांस त्यातूनच भरून ठेवतात. माझ्या वर्गातली मुलं सोमवारी घुश्शात येत आणि निबंधात एल्कना शिव्या लिहीत. मी व्याकरण तपासून परत करत असे.

आमच्या मागच्या कुरणात ससे होते. इथला ससा हिवाळ्याच्या सुमाराला पांढरा होतो, बर्फात दिसू नये म्हणून. त्याचं अंग दिवस लहान झाल्याचं ऐकतं. बर्फ पडलंय की नाही, हे त्याला कोण सांगणार. ते ठरल्या वेळी पांढरेशुभ्र झाले आणि तपकिरी मातीवर चुन्याच्या खड्यांसारखे दिसू लागले. हालचाल केली नाही की आपण दिसत नाही, एवढंच त्यांना माहीत. म्हणून ते मुळीच हालत नसत. ससाणा सावकाश येई, अगदी सावकाश, आणि एकेक उचलून नेई. तुमची आई खिडकीशी उभी राहून इंग्रजीत ओरडायची, “रन, यू डमी.” मी तिला तिथून बाजूला नेत असे.

आणि डोमकावळे गावात आले. वर कुणी मरत नव्हतं. एल्क धडधाकट, पोटभर खाऊन फिरत होते. मरणाशिवाय ज्यांची चूल पेटत नाही, ते घरोघर हिंडू लागले. शाळेच्या मागे कचऱ्याच्या डब्यांवर बसून चिप्सच्या पिशव्या फाडत. खाटकाच्या मागल्या दाराशी रांग लावत. माझी शेजारीण लॉरेन गुरं पाळायची, जिभेची तिखट, म्हणूनच माझं तिच्याशी जमायचं. तिच्या कोंबड्यांची अंडी ते पळवत. त्या वर्षी तिच्या पेंढ्याच्या गंजीला एल्कचं तोंड लागलं नव्हतं, तरी ती करवादलेली असे. मी विचारलं तर म्हणाली, “डोंगरावर बर्फ नाही म्हणजे जुलैत ओढ्याला पाणी नाही. ही सगळी नाचतायत ना, नाचू दे. उन्हाळ्यात बघते त्यांना.”

श्राद्धाचा दिवस आला. मी वडे तळत होते आणि मनात सासूबाईंशी बोलत होते. फार वाईट बोलत होते, ते लिहीत नाही. आबा दाढी करून, उपरणं घेऊन तयार होते. त्या दिवशी ते वचन देणार होते, आणि वचन दिल्यावर मागे फिरणाऱ्यांतले ते नव्हते. म्हणजे माझ्या वर्गाचे, या खिडकीचे, तुमच्या आईच्या इथल्या शाळेचे शेवटचे काही महिने मी त्या कढईत तळत होते.

ते ताटली घेऊन बाहेर गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी ती खांबावर ठेवली, दोन पावलं मागे सरले, हात जोडले. त्यांचे ओठ अजून उघडले नव्हते. एक डोमकावळा लॉरेनच्या छपरावरून सरळ खाली आला आणि ताटलीत पाय देऊन उभा राहिला. आबांपासून हातभर अंतरावर. भिऊन नाही, बिचकून नाही. त्याने वडा गिळला, भातात चोच खुपसली. तेवढ्यात आणखी आले, भांडण जुंपलं, ताटली खाली पडली, खीर मातीत सांडली, आणि ते मातीसकट खीर खाऊ लागले.

आबा तसेच हात जोडून उभे होते. त्यांचे खांदे हलू लागले. लग्नानंतर मी त्यांना रडताना पाहिलं ते त्याच दिवशी.

आत आले, तोंड धुतलं. संध्याकाळी फोन लावला. “दादा, शिवला. मी काही बोलायच्या आधीच. काही न सांगता, काही न मागता.”

पलीकडून भाऊजींचा आवाज, “डोमकावळाच होता ना? नक्की?”

“एकच काय, बरेच होते.”

“काही म्हणजे काहीच बोलला नव्हतास?”

“तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.”

“मग काय,” भाऊजी म्हणाले. “आईने सोडलं म्हणायचं तुला.”

मी त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होते. मला ठाऊक होतं. कोण आलं होतं आणि कशासाठी, हे मी नोव्हेंबरपासून शाळेच्या कचऱ्याच्या डब्यांवर बघत होते. मी एक शब्द बोलले नाही, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. एकदा सासूबाईंनी एका वाक्यात माझी जागा घालवली होती. मी गप्प राहून ती परत घेतली.

दुसऱ्या दिवशी लॉरेन कुंपणापाशी आली. “काल तुझ्याकडे पाहुणे होते वाटतं. काय वाढलं होतंस?”

“वडे.”

“मला नाही कधी दिलेस.”

“त्यासाठी आधी मरावं लागतं.”

तिने थोडा विचार केला. “एवढं करायला नको होतंस. यंदा ते माझ्या कुत्र्याचं ताटही चाटून जातात.” मी मागे वळून पाहिलं. आबा गाडीची काच पुसत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

जून आला आणि गेला. आम्ही गेलो नाही.

पण त्या हिवाळ्याचा गोडवा खोटा होता. थंडीने मरायच्या त्या गोचिडी मेल्या नाहीत. मार्चमध्ये मूस नावाच्या धिप्पाड हरणाची एक मादी आमच्या कुंपणाला अंग घासायला येई. घासून घासून तिचे खांदे उघडे पडले होते, तारेवर केसांचे झुपके लोंबत. लॉरेनचा ओढा आटला. डोंगरावरचं गवत ऐन उन्हाळ्यातच पिवळं पडलं, आणि एल्कच्या माद्या पिल्लांना पाजता पाजता हडकुळ्या झाल्या. ज्या हिवाळ्याने त्यांना मोकळं सोडलं होतं, त्यानेच त्यांच्या तोंडचा पुढचा घास काढून घेतला होता. त्या तशाच पुढच्या हिवाळ्याला सामोऱ्या गेल्या, आणि तो लवकर आला, खुनशीपणाने आला. आधी बर्फ, मग त्यावर पाऊस, मग गोठून काचेसारखा थर. एल्क तो थर खुरांनी फोडत आणि त्यांच्या पायांतून रक्त येई. लॉरेनच्या गंजीवर ते तुटून पडले. ती थाळी बडवत बाहेर आली आणि त्यांच्याकडे बघून थाळी खाली ठेवून आत गेली. तिला असं हरताना मी पाहिलं नव्हतं.

नदीकाठी काळी रिंगणं पुन्हा दिसू लागली. एकाला लागून एक.

त्या वर्षीच्या श्राद्धाला ताटली खांबावर तशीच राहिली. डोमकावळे जड पंखांनी वरून जात. मी धास्तावले होते. आबा चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे होते, आणि मी मनात उत्तरं जुळवत होते.

ते म्हणाले, “आज नाही यायचे ते. पुलापासून फाट्यापर्यंत एल्क पडलेत. पोटं भरलीत त्यांची.”

मी म्हटलं, “म्हणजे मागच्या वर्षी...”

“मागच्या वर्षी वर काही मेलंच नव्हतं. रस्ता रोज मीच बघतो ना.”

“आणि तरी भाऊजींना तसं सांगितलंत?”

“दादाने कृष्णेकाठी शब्द दिला, तेव्हा तिथला कावळा तरी कशाने उतरला असेल? ऊन केवढं चढलं होतं.”

“मग रडलात कशाला?”

त्यांनी कप विसळला, उपडा घातला, फडक्याने हात पुसले. “आई येईल असं वाटलं होतं,” ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी भाऊजींना फोन केला आणि सांगितलं, शिवला. आवाज जराही हलला नाही. पुढे भाऊजी होते तोवर दर वर्षी तेच सांगितलं. मी दर वर्षी ओट्याशी उभी असे. सासूबाईंशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही, पण त्या दिवसापासून मी ते एकटीने भांडते, त्यांच्या मुलाला मध्ये घेत नाही.

आता आबांनाही जाऊन वर्ष होतंय. तेही जानेवारीतच गेले, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. परवाचा तो फोन त्यांच्या तिथीच्या आदल्या दिवशी आला होता, आणि बाहेर तसंच निळंशार, कोरडं ऊन होतं. फोन ठेवताना तुमच्या आईने विचारलं, “उद्या पान ठेवशील ना? कावळा आला की मला कळव.”

काल सकाळपासून डोमकावळे लॉरेनच्या पडक्या छपरावर येऊन बसले होते. गळ्याची पिसं विसकटलेली, पोटं खपाटीला गेलेली. डोंगरावर एल्क मजेत आहेत. मी भात केला, वडे केले, ताटली खांबावर ठेवली. त्यातला थोरला लगेच उतरला आणि मान वाकडी करून माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला काही विचारलं नाही. आत जाऊन आणखी भात घेऊन आले.